गुलाबाची खूण

वसंतकाका नाणं दाखवत नसत, आधी हातात देत. "डोळे मीट आणि काठ चाचपून बघ," म्हणत. काठ वेडावाकडा लागला की त्यांचाच चेहरा खुले. "हातोड्याचं काम आहे. आमच्या कारखान्यात प्रेसमधून निघायचे ते मोटारींचे दरवाजे सगळे सेम. इथे प्रत्येक घाव वेगळा."

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांची सगळी नोकरी मोटारींच्या पत्र्याला आकार देणारे ठसे करण्यात गेली. काकू गेल्यावर मध्ययुगीन इंग्लंडच्या नाण्यांनी त्यांना झपाटलं. दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवायची आणि वरून घाव घालायचा, एवढंच ते तंत्र. पण कडेच्या अक्षरांत एक इवलीशी खूण असे, कधी क्रॉस, कधी सूर्य, कधी गुलाब. चांदीत खोट निघाली तर टांकसाळीत कुणाला धरायचं, ते त्या खुणेवरून कळे. हे सांगताना काका देवळात बोलावं तसं हळू बोलत आणि माझ्या अंगावर खरोखर काटा येई.

त्यांच्याकडे गुलाबाच्या खुणेचं एक काळंकुट्ट नाणं होतं, चौथ्या एडवर्डच्या काळातलं, फार शोधून मिळालेलं. दिवाळीनंतरच्या नाण्यांच्या प्रदर्शनात ते मांडायचं, हा त्यांचा ध्यास. लक्ष्मीपूजनाला ते आमच्याकडेच येत. त्या वर्षी पूजेत ठेवायला म्हणून ते नाणं घेऊन आले. माझी आई नुकतीच नागपूरहून आली होती. काळी चांदी लक्ष्मीपुढे कशी ठेवायची, म्हणून काकांचा चहा होईपर्यंत तिने ते रांगोळीने लख्ख घासलं.

जुनं नाणं घासायचं नसतं, हे तिला कोण सांगणार? आधीच पुसट असलेला गुलाब पार गेला. काकांनी भिंगातून पाहिलं. पूजा झाल्यावर नाणं खिशात टाकून न जेवताच घरी गेले. काय झालं ते मी सांगितल्यावर आईनेही ताट बाजूला सारलं.

भाऊबीजेला सकाळीच बेल वाजली. इस्त्रीचा झब्बा घालून काका दारात उभे. मला ओवाळाल का, असं त्यांनी आईला विचारलं. त्यांना सख्खी, चुलत, कुठलीच बहीण नव्हती. आईने ओवाळलं आणि काकांनी तबकात तेच नाणं ठेवलं.

"ताई, हे लोकांच्या हातांत झिजायलाच पाडलं होतं. मीच त्याला डबीत कोंडलं. आज परत चालू झालं."

आईला रडू आवरेना. एवढं मोठं मन मी दुसरं पाहिलेलं नाही.

शनिवारी मी त्यांना प्रदर्शनाला घेऊन गेले. त्यांच्या टेबलावर मधली जागा रिकामी होती. इथे काय होतं, असं येणारा प्रत्येक जण विचारी, आणि काका ताठ मानेने सांगत, "ते माझ्या बहिणीकडे असतं."