रहाटावरचा माणूस

आमच्या शुक्रवार पेठेत आगीशी लढायला माणसं तयार करायची, ही कल्पना एका लंगड्या हवालदाराची. तो नातेपुत्याकडचा. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जखमी उचलण्याच्या तुकडीत होता, गुडघ्यात गोळी खाऊन परत आला आणि आमच्या पेठेतल्या एका वखारीवर राखणदार झाला. गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटलेलं, आणि घराघरात माग आणि सूत. शहराचा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडायचा. "बंबाची वाट बघत बसला तर नुसती राख बघाल," असं सांगत तो दारोदार फिरला, आणि दर रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात आम्हा वीस-बावीस जणांना जमवू लागला.

मी त्याच शाळेत मास्तर होतो. वय पंचवीस, अंगावर परीटघडीचं धोतर, आणि प्रथमोपचाराचं एक पुस्तक वाचलेलं असल्यामुळे या अडाणी हवालदाराकडून शिकण्यासारखं काही नाही, अशी पक्की खात्री. मी गेलो तो केवळ हेडमास्तरांनी पाठवलं म्हणून.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. आडापासून शाळेच्या भिंतीपर्यंत रांग करायची आणि भरलेली घागर हातोहात पुढं द्यायची, एवढंच काम. पण घागरी घरोघरच्या, प्रत्येकीवर घरधन्याचं नाव कोरलेलं. कुणी आपली घागर दुसऱ्याच्या हाती देईना. जो तो आपली घागर पोटाशी धरून आडापासून भिंतीपर्यंत स्वतःच चालत जायचा, ओतायचा आणि रिकामी घेऊन परत यायचा. हरवण्याची भीती होतीच. शिवाय कुणाचा हात कुणाच्या भांड्याला चालत नव्हता, हेही खरं. हवालदारानं कपाळाला हात लावला. "आरं, आग इझवताय का घागरींची वरात काढताय?"

मग त्यानं सगळ्या घागरींना चुना फासला. नावं झाकली गेली, कुणाची कुठली ते कळेना, तेव्हा कुठं रांग हलली. चुन्यावरून आईनं मला आठवडाभर धारेवर धरलं.

आडावर रहाट ओढायला एक विणकर असायचा. घरी तेलुगू बोलणारा, मराठी मोजकीच. हाडकुळा, पण दंड असे की दोर त्याच्या हातात सुतासारखा सरकायचा. कवायत संपत आली की तो हवालदारापुढं उभा राही आणि विचारी, "आता जाऊ का?" दर रविवारी तेच तीन शब्द, त्याच सुरात. घरी त्याचा माग थांबलेला असायचा, हे मला समजायला हवं होतं. मी उलट त्याची नक्कल करून शाळेतल्या इतर मास्तरांना हसवायचो. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

धुरात शिरायची कवायत सगळ्यात वाईट. ओली घोंगडी पांघरून, नाक जमिनीला लावून सरपटायचं. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. माझं धोतर मातीत लोळलं की मी धुसफुसायचो. आणि हवालदाराचा एक नियम तर मला अमानुष वाटला: ज्याचं घर पेटलंय, त्यानं आत जायचं नाही.

मी सगळ्यांदेखत वाद घातला. बायकोमुलं आत आणि माणसानं बाहेर उभं राहायचं? हवालदार शांतपणे म्हणाला, "मास्तर, घरधनी आत गेला की त्यो वाट बघत न्हाय, आपलं माणूस बघतो. मग एकाच्या जागी दोघं काढायला लागत्यात. म्या काढल्यात की."

विणकर तेव्हा पहिल्यांदाच त्या तीन शब्दांपलीकडं बोलला. "मग आत कोण जाणार?"

"ह्ये मास्तर. आन् जोडीला त्यो तालमीतला पैलवान."

विणकरानं माझ्याकडं पाहिलं. टोपीपासून धोतराच्या निऱ्यांपर्यंत पाहिलं. सगळे खो खो हसले, आणि माझा असा संताप झाला की पुढचे सगळे रविवार मी ईर्षेनं सरपटलो.

चैत्रातल्या एका दुपारी मारुतीच्या देवळातली घंटा न थांबता वाजू लागली. तीच आमची खूण. धावलो तर विणकराचंच घर. त्याची बायको नऊ दिवसांची बाळंतीण, मागच्या खोलीत. वारा लागू नये म्हणून खिडक्यांत चिंध्या कोंबलेल्या, खाटेखाली शेगडी. शेगडीसाठी निखारे नेताना एक उडाला आणि पुढच्या खोलीतल्या सुताच्या लडींवर पडला, हे मागाहून कळलं. तेव्हा फक्त दारातून लोळत येणारा धूर दिसत होता.

विणकर बाजारात लुगडी पोचवायला गेला होता. तो धावत आला तो थेट दाराकडं. त्याला अडवायला कुणाचा हात पुढं झाला नाही. हवालदार एवढंच म्हणाला, "रहाटावर."

तो थांबला. दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, त्या दिवशीसारखंच पाहिलं. आणि भराभर बोलला, "मास्तर, डाव्या हाताला माग. खाली खड्डा हाय. उजवी भिंत सोडू नका. मागची खोली. बाळ तिच्या उजव्या अंगाला." एवढं सांगून तो आडाकडं गेला आणि दोर धरला.

आत मला काही दिसलं नाही. नाक जमिनीला, उजवा हात भिंतीला, पाठीवर घोंगडीची वाफ. पाय ठेवायला मागाखाली खणलेला तो खड्डा माझ्या डाव्या कोपराला लागला; उभ्यानं गेलो असतो तर त्यातच पडलो असतो. मी रडत होतो, धुरानं आणि भीतीनं. खोलीशी पोचलो तेव्हा बाई बाळाला पोटाखाली घेऊन जमिनीवर पालथी पडलेली. परपुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, हे त्या घटकेला आठवलं म्हणून मला आजही नवल वाटतं. पैलवानानं तिला ओढलं, मी बाळ छातीशी धरलं आणि तीच भिंत धरून परत फिरलो.

बाहेर कुणीतरी माझ्या हातून बाळ घेतलं. ते हलत नव्हतं. हवालदारानं त्याला उपडं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं. आणि मग ते रडलं. बायका ओरडल्या, "रडलं गं, रडलं!" माझं लक्ष आडाकडं गेलं. दोर एक क्षण थांबला होता. मग पुन्हा खाली गेला.

बायकोही शुद्धीवर आली, पाणी प्याली. लोक विणकराला हाका मारत होते. पण आग शेजारच्या छपराला लागली होती, आणि घागरी त्याच्या हातून निघून चाळीस हातांतून पुढं जात होत्या. आता त्यांना चुना नव्हता, नावं उघडी होती, आणि कुणी वाचत नव्हतं. आमच्या घरी त्या दिवसानंतर एक परकी घागर राहिली. आईनं ती परत करायचं नाव काढलं नाही. विणकर ओढत राहिला. बायको पंधरा पावलांवर लिंबाखाली, नऊ दिवसांचं मूल तिथंच रडतंय, आणि हा माणूस दुसऱ्याच्या छपरासाठी पाणी काढतोय. मी थक्क होऊन बघत होतो. पुस्तकं मी पुढं पुष्कळ वाचली. त्याच्याएवढा मोठा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

शेवटची ठिणगी विझली तेव्हा हवालदार लंगडत त्याच्याजवळ गेला आणि दोरावर हात ठेवून म्हणाला, "बास."

विणकरानं दोर सोडला, तेव्हा तळहातांची सालटं दोरालाच राहिली. तो रविवारसारखाच हवालदारापुढं उभा राहिला.

"आता जाऊ का?"

हवालदारानं मान डोलावली, आणि तेव्हा कुठं तो माणूस लिंबाकडं धावत सुटला.