बिनहिंगाची भाजी

वीणाताई नेदरलँड्समधल्या टिलबर्गला आल्या तेव्हा त्यांच्या गाठीला सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली अकरा वर्षं होती. रस तपासायचा, गोडी मोजायची, वहीत लिहायचं. इथे ते कुणालाच नको होतं. नवरा शिरीष गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्या कामाच्या परवान्यावर त्या आल्या, डच शिकल्या, चाळिशीत सायकल शिकल्या. सातव्या वर्षी त्यांनी ठरवलं, आपण जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या.

हे सगळं त्यांनी ईशानीला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं, बटाटे सोलता सोलता. ईशानी सव्वीस वर्षांची. पुण्यात मराठी साहित्यात एम.ए. केलं, लग्न झालं आणि ऐन थंडीत इथे येऊन पडली. स्वयंपाकात तिला गती नव्हती. पण वीणाताईंच्या ओट्याशी बसायला तिला आवडायचं. तिथे प्रत्येक गोष्टीला एक ‘का’ असायचा.

"सुरण का खाजतं, सांग."

"माहीत नाही."

"सुया असतात त्यात. डोळ्यांना न दिसणाऱ्या. आई हाताला तेल लावून चिरायची. तिला सुया माहीत नव्हत्या, तेल माहीत होतं."

२००६ सालची महाशिवरात्र नेमकी कार्निव्हलच्या रविवारी आली. मराठी मंडळाचे अध्यक्ष अरुण यांच्या घरी दुपारी फराळ आणि मग भजन ठरलं. बावीस माणसं. फराळ वीणाताईंकडे. ही त्यांची पहिलीच ऑर्डर. अरुणनी सांगून ठेवलं होतं, "वहिनी, हे नीट पार पडलं की पाडव्याचं जेवण तुमचं. साठ पानं." पाडव्याला रॉटरडॅमहूनही लोक यायचे. त्या साठातल्या दहांनी जरी पुढे बोलावलं, तरी धंदा उभा राहणार होता. धंद्याच्या नावनोंदणीचा फॉर्म भरून वीणाताईंनी फ्रिजवर लावून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

शनिवारी त्या रताळी आणायला रॉटरडॅमला गेल्या. दुकानात होती ती निम्मी नासलेली. परत येईपर्यंत टिलबर्गची दुकानं कार्निव्हलमुळे बंद. रस्त्यावर गाईचे मुखवटे घातलेली माणसं नाचत होती. मागच्या दारी मात्र एक खोकं होतं. शेजारच्या योप आजोबांनी आठवड्यापूर्वी दिलेलं.

योप ऐंशीच्या घरातले. गावाबाहेर त्यांचा भाड्याचा बागेचा तुकडा. तिथून त्यांनी खोकंभर आर्दपेअर आणून दिले होते. आल्यासारखे वेडेवाकडे, मातकट गुलाबी कंद. वर सूर्यफुलाच्या भावकीतलं झाड, दोन माणूस उंच. खाली हे. वीणाताईंनी तेव्हाच त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. थंडी पडली की गोडी वाढते, म्हणून हिवाळ्यात खणायचे. लागतील तेवढेच खणायचे, जमिनीतच चांगले राहतात. आणि जपून लावायचे, कारण एक तुकडा जरी मातीत राहिला तरी पुढच्या वर्षी सगळा वाफा त्याचाच.

त्यांनी आठवडाभर त्याची भाजी केली होती. शिरीषला आवडली होती.

"पण उपासाला चालेल?" ईशानीने विचारलं.

"बटाटा चालतो ना? तो कुठला, आपल्या गावचा? हे धान्य नाही, डाळ नाही. जमिनीतला कंद आहे. का नाही चालणार?"

 ईशानी कंद धुवायला बसली. त्यांच्या खाचाखोचांतली माती निघता निघेना.

रविवारी फराळ फार छान झाला. खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि तुपाजिऱ्याच्या फोडणीची आर्दपेअरची भाजी, वर दाण्याचं कूट. लोकांनी भाजी मागून घेतली. "वहिनी, हे आहे तरी काय? बटाट्याला मागे टाकलंत," असं म्हणत अरुणनी तीनदा घेतली. ईशानी वाढत होती. ती जेवायला बसली तेव्हा भाजीचं भांडं पुसलेलं होतं. अरुणच्या आई लीलावती कवळी न लावता जेवायच्या. त्यांच्यासाठी वीणाताईंनी सकाळीच थोडे कंद आमटीत टाकून लोण्यासारखे शिजवले होते. त्यातलेच ईशानीलाही मिळाले.

तीनच्या सुमारास भजन सुरू झालं. पहिलं पद चांगलं गेलं. दुसऱ्या पदात पेटीवाले प्रकाश एकदम थांबले आणि मांडी बदलून बसले. मग झांजा वाजवणारे उठून बाहेर गेले. अरुणनी आलाप घेतला आणि मध्येच सोडला. खोलीत एक आवाज झाला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग दुसरा झाला, वेगळ्या कोपऱ्यातून. अरुणच्या बायकोने, मीनलने, फेब्रुवारीच्या थंडीत दोन्ही खिडक्या उघडल्या. नशिबाने त्याच वेळी खालून कार्निव्हलचा बँड गेला. ट्रॉम्बोन, ढोल, सगळं. तो लांब जाऊ नये असंच सगळ्यांना वाटत होतं. संडासापुढे रांग लागली. साडेचारला भजन आटोपतं घेतलं.

ईशानीचं पोट शांत होतं. लाजेने मान मात्र वर होत नव्हती. तिने वीणाताईंकडे पाहिलं. त्या रांगेतली माणसं मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीणाताई सायकलवर तिच्या दाराशी. पिशवीत वही.

"चल. सगळ्यांकडे जाऊन येऊ."

माफी मागायला, असं ईशानीला वाटलं. पहिलं घर प्रकाशचं. वीणाताईंनी माफी मागितली, अगदी मनापासून, आणि लगेच वही उघडली.

"भाजी किती वेळा घेतलीत?"

"दोनदा."

"त्रास किती वाजता सुरू झाला?"

"अहो वहिनी, काय हे!"

"तीनच्या आधी की नंतर? सकाळी पोटात काय होतं?"

"काही नव्हतं. कडक उपास होता." प्रकाशनी दाराकडे पाहिलं. "तीनच्या आधी."

ईशानी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. असं कुणी विचारतं? आणि लोक सांगतात? पण लोक सांगत होते. दुसऱ्या घरी ओरडून, तिसऱ्या घरी कुजबुजत. चौथ्या घरी दार उघडलं नाही. पाचव्या घरी बाई हसता हसता खुर्चीत कोसळल्या, मग सगळं तपशीलवार सांगितलं.

अरुणच्या घरी मात्र चहासुद्धा मिळाला नाही.

"पाडव्याचं मी रॉटरडॅमच्या केटररशी बोलतोय," अरुण म्हणाले. "राग नाही वहिनी. पण साठ माणसं असतील."

वीणाताईंचा वही धरलेला हात खाली आला. त्यांचा चेहरा असा रिकामा झालेला ईशानीने पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात आतून लीलावतीकाकू बोलल्या. "मला बाई काही झालं नाही. दोन वाट्या खाल्ले मी."

"काकू, तुम्ही आमटीतले खाल्लेत."

"हो, तेच. पण गूळ फार पडला होता तुझा."

वीणाताई वळल्या. "गूळ घातलाच नव्हता मी."

त्यांचे डोळे पुन्हा कामाला लागले. आमटी गोड झाली, गूळ न घालता. आमटीत आमसूल होतं. कंद त्या आंबटात दोन तास उकळत होते. "कारखान्यात आम्ही हेच करायचो," त्या जिना उतरताना म्हणाल्या. "आंबट घाला, उकळा, साखर फुटते. या कंदात न पचणारी साखर असणार. आमटीत ती फुटली, म्हणून गोडी आली आणि तुमची पोटं वाचली."

"मग शिरीषभावोजींना आठवडाभर काही झालं नाही, ते?"

वीणाताई थांबल्या. "घरच्या भाजीत मी हिंग घालते. भरपूर. आणि पोटात आधी पोळी-भात असतो." जिन्यातच त्यांनी कपाळाला हात लावला. "उपासाला हिंग चालत नाही गं! कंद चालतो का ते पाहिलं. हिंग चालत नाही म्हणून गाळला, पण पोटं तोच सांभाळत होता हे कळलं नाही."

पंधरवड्याने एकादशी आली. वीणाताई डबा आणि ईशानीला घेऊन अरुणच्या घरी हजर. कंद आमसुलाच्या पाण्यात सव्वा तास उकळलेले, मग तूपजिरं. हिंग नाही.

"मी खाणार नाही," अरुण म्हणाले.

"तू खा," लीलावतीकाकू म्हणाल्या. "नाहीतर बोलणं बंद कर. दोन आठवडे दुसरा विषय नाही घरात."

अरुणनी खाल्लं. एक वाटी, मोजून. मग चौघंही बसून राहिले. अरुणनी पेपर उघडला. ईशानी घड्याळाकडे पाहत होती.  दोन तास गेले.

"काही नाही," अरुण म्हणाले. "मानलं तुम्हाला."

ईशानीने सुस्कारा सोडला. वीणाताई मात्र अरुणकडे बघत होत्या.

"खरं सांगा. पेपरमागे एकदा हललात."

"वहिनी..."

"किती वेळा?"

अरुणनी आईकडे पाहिलं, मग छताकडे. "एकदा. लहानसा."

ईशानीला वाटलं, सोडून द्यावं ना. मिळालंच होतं की सगळं. वीणाताईंनी लिहिलं: एक, लहान.

"मग साठ माणसांना हे वाढायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजून पंधरा मिनिटं उकळायला हवं होतं. तुम्ही रॉटरडॅमला सांगितलं असेल तर ठीक आहे."

वही बंद करून त्यांनी डबा पिशवीत घातला, कोट चढवला. अरुण पेपरची घडी घालत होते. नीट बसेना. पुन्हा उघडून घातली.

"त्यांना अजून सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "पोटात काय होईल ते तिथे कोण असं विचारणार? पाडव्याचं तुम्हीच करा. साठ पानं."

"भाजी कशाची?"

"बटाट्याची, वहिनी. बटाट्याची."

"पिवळी?"

"पिवळी. आणि हिंग चमचाभर जास्त."

वीणाताईंनी पुन्हा वही काढली.  घरी जाताना सिग्नलला त्यांनी सायकल उभी केली आणि ईशानीकडे पेन मागितलं. त्यांचं संपलं होतं. फ्रिजवरच्या फॉर्मवर सही करायला लागणार होतं.