आधीच्या गाडीचं वजन

अमरावतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून मी पुण्याला गेले नाही, हा पुण्याच्या साहेबांच्या लेखी माझा पहिला गुन्हा. अकोल्याच्या जुन्या शहरात वजनकाटे बसवणाऱ्या एका चाचांच्या दुकानात, माळ्यावर बसून मी ड्रायव्हर लिहायचे. म्हणजे काट्यावरचं वजन कॉम्प्युटरपर्यंत नेणारा कोड. कॉम्प्युटर साहेबांच्या कंपनीचे, काटे चाचांचे.

त्या वर्षांत शेतकऱ्याचा बियाण्यावर भरवसा उरला नव्हता, कापसाच्या भावावर तर नाहीच. काटा खरा ठेवणं तेवढं आमच्या हातात होतं.

तेल्हाऱ्याजवळच्या जिनिंग कारखान्यात कापसाची खरेदी सुरू होणार, त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी माझा कोड ‘सोपा’ केला. सेटिंगचा एक सोडून सगळे हेडर एका मोठ्या फाइलीत कोंबले आणि ती जिथे तिथे जोडून दिली. हेडर म्हणजे कोडच्या फाइलीला आधी वाचायला दिलेली माहिती. वजनाच्या नोंदीत कोणता आकडा कितव्या जागी आहे, ते त्यात असतं. कोणाला काय लागतं हे विचारायचंच नाही, सगळ्यांना सगळं वाढायचं! कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरनंही हूं की चूं केलं नाही.

सकाळी चाचा आणि मी तिथे हजर होतो; पहिली बैलगाडी तोलली. दुसरी चढली, तर पडद्यावर पहिलीचंच वजन.

चाचा म्हणाले, “बेटी, काटा बरोबर हाय. तुही मशीन झूट बोलून राहिली.”

गेट लावून घेतलं आणि शोधलं. नोंदीत एक जागा वाढवणारा सेटिंगचा हेडर एका फाइलीत या ढिगाच्या आधी आला होता, दुसरीत नंतर. त्यामुळे एक फाइल वजन तिसऱ्या जागी लिही, दुसरी चौथ्या जागी वाची. तिथे आधीच्या गाडीचं वजन; दिवसाच्या पहिल्या गाडीला तिथेही तिचंच, म्हणून ती बरोबर दिसली.

साहेब फोनवर म्हणाले, “तो हेडर दोन ओळी वर घ्या आणि गेट उघडा. तिथे कोण बघतंय?”

उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. माझं डोकंच फिरलं. “आज वर घेईन, उद्या कोणी खाली नेईल. हा ढीग मी काढतेय. ज्या फाइलीला जे लागेल ते तिनं स्वतः मागायचं.”

“मग हे काम तुमच्याकडून काढून घेऊ.”

“घ्या. पण आज मी संपवणार.”

चाचांनी गेट बंदच ठेवलं. दुसऱ्या गाडीचा शेतकरी आत आला. “बाई, कावून थांबवून राहिली? सकायपासून उभे आहो आमी.”

मी खरं ते सांगितलं. त्यानं पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला. मग बाहेर जाऊन त्यानं बैल सोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बसा रे. दुसऱ्याचं वजन माह्या नावावर नाई पायजे.”

तीन वाजता काम झालं. त्याचीच गाडी भरलेली तोलली, मग रिकामी, मग पुन्हा पहिली गाडी. आकडे ज्याचे त्याला.

साहेबांचा फोन आलाच. “काम गेलं तुमचं. तुमच्या हट्टापायी लोकांचा अर्धा दिवस वाया घालवलात.”

“लोकांचं मला सांगू नका,” मी म्हटलं. “एकानंही गाडी वळवली नाही.”