धमणीतली तिघांची जागा

परवा गड्यानं आमच्या धमणीच्या, म्हणजे बैलांच्या छकड्याच्या चाकांना वंगण घातलं आणि त्या वासासरशी मी वीस वर्षं मागं गेलो.

जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला आम्हा चौघा दोस्तांचं कपिलधारला जायचं ठरलं. तिघांना भाड्याची मोटार हवी होती. मी माझ्या बैलांच्या धमणीवरच अडून बसलो. चौघांपुरता कडबा अंथरून, त्या तिघांना सोडून, नुसत्या गड्याला घेऊन पहाटेच निघालोसुद्धा.

वाटेत त्या तिघांच्या मोटारीनं गाठलं. ती थांबवून दत्तू ओरडला, "चढ बे! रुसलास कावून? गाडी गडी आणील."

"बैलांला वाईट वाटंल," मी ऐटीत म्हणालो. मोटार धुरळा उडवत गेली.

आता दोघं हैदराबादेत, दत्तू देवाघरी. मोटारी रोज दारावरून जातात, माझ्यासाठी एकही थांबत नाही. धमणीत मी अजून तिघांची जागा सोडून कडेलाच बसतो.