जात न सांगणारं नाव

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तो मला पस्तिशी उलटल्यावर मिळणार होता. धाकट्या भावाला उशिरा मुलगी झाली होती. मी बीदरजवळ भालकीला शाळेत शिकवते. जन्मभर हजेरी घेत आल्यामुळं चांगलं नाव कोणतं ते आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. दोन छान पाली नावं मी काढून ठेवली होती. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारून त्यातलं एक नक्कीही करून टाकलं होतं.

तेवढ्यात बंगळूरहून भावाचा फोन आला. नाव ठरलंय म्हणाला. कंपनीनं त्याला आठ महिने स्वीडनला पाठवलं होतं, तिथल्या मुलींची नावं त्याच्या मनात भरली होती. इंग्रिड, सिग्रिड, फ्रेया ही त्यानं विचार करून बाजूला सारलेली नावं आधी सांगितली, मग ठरवलेलं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. वाचून तुम्हीही आम्हाला तोच एक प्रश्न विचाराल, आणि त्या प्रश्नापायीच हे सगळं झालं.

माझं डोकं फिरलं. आमचं तिकडं ना कुणी सोयरं ना धायरं. मी त्याला विचारलं, आपल्यात नावांचा दुष्काळ पडलाय का? तो नेहमीसारखा चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "अक्का, आठ महिन्यात तिथं कुणी मला आडनाव विचारलं न्हाई. पोरीला असं नाव पायजे की ऐकून कुणाला कायच कळू नये."

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला आणि मुलाबाळांना हौसेनं नवी नावं दिली. पण आमच्याकडं नाव सांगितलं की समोरच्याला धर्म कळतो, आणि धर्मावरून तो आधीची जात काढतो. तोंडानं काही म्हणत नाही, फक्त पाण्याचा तांब्या जरा सावकाश येतो. भावानं आडनाव कधीच टाकलं होतं. कर्नाटकात आडनावाच्या जागी बापाच्या नावाचं अक्षर लावलं तरी चालतं, तेवढ्यावर तो भागवत होता. आता त्याला मुलीचं नावही कोरं हवं होतं.

अप्पा गावी, खटकचिंचोळीला, आमच्या घरी होते. त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. अप्पांची सगळी नोकरी पोस्टात गेली, त्यामुळं ऐकलेलं आधी मनात नीट लावून घ्यायचे आणि मग बोलायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "लपवायला ठेवायलाय का नाव?" मी म्हटलं, तसं नाही, त्याला आवडलंय. ते म्हणाले, "मला शिकवू नगंस." मला दोघांचाही राग आला होता, आणि दोघांचंही बरोबर वाटत होतं म्हणून जास्तच आला होता.

नाव ठेवायचा कार्यक्रम वहिनीच्या माहेरी, बीदरला झाला. अप्पा आले. त्रिसरण, पंचशील त्यांनीच खड्या आवाजात म्हटलं. पाळण्यावर वाकताना माझ्या मनात आलं, आपलं ठरलेलं पाली नाव सांगून मोकळं व्हावं, कोण काय करणार आहे? पण वहिनी माझ्याकडं बघत होती. बाळंतिणीचा चेहरा इतका थकलेला होता की मला ते धाडस झालं नाही. भावानं सांगितलेलंच नाव मी बाळाच्या कानात आणि मग मोठ्यानं सांगितलं. बायकांनी ते एकमेकींना विचारून घेतलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि सगळं सुरळीत पार पडलं असं मला वाटलं.

भाऊ दारात उभा राहून पाहुण्यांना निरोप देत होता. गल्लीतली एक म्हातारी त्याच्यापाशी थांबली. बाई स्वभावानं प्रेमळ, बाळासाठी झबलं घेऊन आलेली. तिनं मोठ्या कौतुकानं विचारलं, "मग तुमी मिशनमंदी कवा गेलाव, बाबा?"

बीदर सोडून दुसरीकडं कुठं राहिलेल्याला यातली मेख कळणार नाही. बीदरकडं पूर्वी पुष्कळ कुटुंबं मिशनमध्ये गेली, म्हणजे ख्रिस्ती झाली, आणि त्यातली बहुतेक गावकुसाबाहेरची. त्यामुळं साहेबी वळणाचं नाव कानावर पडलं की बीदरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते. मिशनमध्ये गेले, म्हणजे आधी कोण होते, हे त्याला विचारावंही लागत नाही. भावानं साऱ्या दुनियेतून शोधून आणलेलं नाव इथं आमच्या पाली नावापेक्षाही लवकर जात सांगत होतं.

मला आधी हसू फुटलं. मग भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि वाईट वाटलं. तो "न्हाई मावशी, तसं न्हाई," एवढंच म्हणाला. म्हातारीचं समाधान झालं नाही. मग कसं, म्हणून ती उभीच राहिली. शेवटी वहिनीच्या आईनं तिला हाताला धरून बाहेर नेलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि बीदरला त्यानं मुलीला पुन्हा फारसं आणलं नाही.

बंगळूरला नावाचं चांगलं चाललं असं तो फोनवर सांगायचा. तिथं लोकांना ते नाव झोकदार वाटायचं. पण तिथंही लोक विचारतच. साधं नाव असतं तर मनातल्या मनात अंदाज बांधून गप्प बसले असते, हे ऐकल्यावर थेट विचारत. कुठलं नाव हे? तुम्ही मूळचे कोण? भावानं उत्तर ठरवून टाकलं होतं, आम्हाला आवडलं म्हणून ठेवलं. मुलीसमोर गावाचं, जुनं काही काढायचं नाही, अशी त्यानं आम्हाला ताकीदच दिली होती. अप्पांनी ती पाळली. मला ती झोंबली, पण मीही पाळली.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा वहिनीचं ऑपरेशन निघालं. मे महिन्यात पोरगी पंधरा दिवस आमच्याकडं खटकचिंचोळीला राहिली. चुणचुणीत, सतत काहीतरी विचारणारी. मराठी शहरी बोलायची, कन्नड आमच्यापेक्षा चांगलं बोलायची. मी तिला घेऊन शेजारच्या गल्लीत लग्नाच्या जेवणाला गेले. पंगतीत एका बाईनं तिला नाव विचारलं, मग त्याचा अर्थ विचारला, आणि मग "तुमी कोण लोक?" असं विचारलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पानावरचा भात कालवत राहिले. परत येताना तिनं माझा हात ओढून विचारलं, "आत्या, आपण कोण आहोत? बाबा म्हणतात असं विचारायचं नसतं. पण मला सगळेच विचारतात."

मी शाळेत शिकवणारी बाई, पोरांच्या प्रश्नाला घाबरणारी नव्हे. तरी घरी आल्यावर मी तिला घेऊन अप्पांकडं गेले आणि म्हटलं, हिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

अप्पांनी तिला जवळ बसवलं. जन्मल्यावर त्यांचं नाव गावच्या पाटलानं ठेवलं होतं, कारण आमच्या लोकांना बरं नाव ठेवायची सोय नव्हती. ते नाव त्यांनी तिला सांगितलं. मी पोटची लेक, पण मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. उकिरड्यावर टाकायच्या वस्तूला म्हणावं तसलं नाव. मग ते दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला आणि सगळ्यांसमोर पोराला नवं नाव दिलं, ते ऐकून त्यांची आई किती रडली, हेही त्यांनी सांगितलं. पोरगी हनुवटीला हात लावून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "मग पाटलाला राग आला?" अप्पा म्हणाले, "लई आला. मेला तरी नव्या नावानं हाक मारली न्हाई त्यानं." मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझंही उतरल्यासारखं वाटलं.

भाऊ तिला न्यायला आला. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. तिनं घास तोंडात असतानाच सांगितलं, "बाबा, अप्पांना लहानपणी दुसरंच नाव होतं, तुम्हाला माहितीये?" आणि ते नाव जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

भावानं भाकरी ताटात ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. "इतकी वर्षं मी हे तिच्यापासून लांब ठेवलं," तो म्हणाला, "आणि तुमी नेऊन तिच्याच पुढ्यात वाढलंव."

अप्पा म्हणाले, "आमी न्हाई वाढलं. ती विचारत आली."

"आता ती शाळेत सांगंल."

"सांगू दे की. चोरी केलीया का आपण?"

तेव्हा भावानं आम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. कॉलेजला असताना होस्टेलात त्याच्या खोलीत एक मित्र होता. दोघं एका ताटात जेवायचे. एकदा त्या मित्राच्या घरचे आले, त्यांनी गोड बोलून आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी मित्रानं आपली खाट उचलून दुसऱ्या खोलीत नेली. भांडला नाही, काही बोललाही नाही. वर्षभर भावानं त्या रिकाम्या जागेकडं बघत अभ्यास केला होता. मग तो अप्पांना म्हणाला, "हिच्याजवळ बसायचं सोडलं कुणी, तर काय सांगू हिला? तुमी सांगा."

अप्पांनी पोरीच्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला. मी वेळ मारून न्यायला आमटीचं भांडं पुढं ओढलं.

पोरगी आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, माझ्याजवळ कोण बसणार नाही?"