भुयारी मार्गाचं दुसरं तोंड

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. हिंजवडीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारे बोगदे, खरंच असतात का. माझं उत्तर ठरलेलं... गणितात बसतात, आजवर कुणाला सापडलेले नाहीत, आणि असलाच एखादा तर आपण आत शिरायच्या आधी मिटून जाईल. चला, पुढचा चॅप्टर काढा.

माझं माहेर पुण्यात कसबा पेठेत, कॉलेजपासून वीसेक किलोमीटर. अब्बा गेले तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते. भावाचा फोन आला — जोहरच्या, दुपारच्या नमाजेला जनाजा घरातून निघेल, लवकर ये. आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत आणि घरच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणजे त्याआधी पोचले नाही, तर अब्बांचा चेहरा पुन्हा दिसणार नव्हता.

हायवेच्या अलीकडे ट्रॅफिक असा तुंबला की ॲपवरून बोलावलेल्या रिक्षावाल्यानं इंजिनच बंद केलं. मला बसवेना. पलीकडे दुसरी रिक्षा मिळेल म्हणून उतरले आणि हायवेखालच्या भुयारी मार्गात शिरले. नेहमीचाच तो, कुबट, ट्यूबलाइट बंद. रडत चालत होते, एवढंच आठवतं. वर आले तर कानावर तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांचे ठोके... समोर आमची गल्ली.

विचार करायला वेळ नव्हता. घरात गेले, अब्बांच्या कपाळावर हात ठेवला. मग जनाजा उचलला.

थोड्या वेळानं रिक्षावाल्याचा फोन. "मॅडम, तुमचा डबा राहिलाय. या घेऊन जा, मी अजून तिथंच आहे. रिक्षा जागची हललेली नाही."

नवरा म्हणतो, दुःखात वेळेचं भान राहत नाही. म्हणो बापडा. वेळेचं समजू शकते हो, पण मधलं अंतर कुठं गेलं?

मागच्या महिन्यात अम्मी गेली. पुन्हा कॉलेज, पुन्हा फोन, तोच ट्रॅफिक. एका निरीक्षणावरून नियम बांधू नका, हे पोरांना मीच सांगते... तरी रिक्षातून उतरले. भुयारातून वर आले — हायवेची पलीकडची बाजू. परत आत गेले. परत तेच. किती फेऱ्या मारल्या, ठाऊक नाही. शेवटी थकून पायरीवर बसले, तेव्हा वरचा ट्रॅफिक केव्हाच सुटला होता आणि माझी रिक्षाही निघून गेली होती.

पोचले तेव्हा घरात फक्त बायका होत्या.

अब्बांच्या वेळी मी इतक्या लवकर कशी आले, हे भावानं कधीच विचारलं नाही. आता मात्र दर फोनला विचारतो, "आपा, अम्मीच्या वेळी एवढा उशीर कसा झाला गं?"