बेपत्ता, असं मी लिहिलं

माझा धाकटा भाऊ आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात फिटर होता. तिथे संप झाला, पोलिसांनी माणसं गाडीत घालून नेली, त्यात तोही गेला. बाकीचे आठवड्यात सुटले. याच्याबद्दल पोलीस म्हणाले, असा माणूस आम्ही आणलाच नाही.

इथे आमच्या गावी, कोरीटला बसून तिकडच्या पोलिसांशी भांडायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी मी भांडलो. माझं डोकं लवकर तापतं, आणि खरं सांगायचं तर तापलेलं असलं की रडू येत नाही. तिथली एक वकीलबाई देवासारखी भेटली. तिथल्या कोर्टाने 'नोंदच नाही' म्हणून हात झटकले, तेव्हा ती म्हणाली, आता आफ्रिकेतल्या देशांनी मिळून नेमलेल्या मानवाधिकार आयोगाकडे जाऊ. त्या देशातली सगळी दारं ठोठावून झाल्याचे कागद आधी दाखवावे लागतात. ते जमवण्यात दोन वर्षं गेली.

मग तिने फोनवर विचारलं, भाऊ मेला म्हणायचं की बेपत्ता? मेला म्हटलं तर पुरावा आपण द्यायचा. बेपत्ता म्हटलं तर माणूस कुठे आहे ते सरकारला सांगावं लागेल. मी केळीच्या बागेत उभा होतो. लगेच म्हणालो, बेपत्ता. तेच शहाणपणाचं होतं.

अर्जावर त्याच्या बायकोची सही हवी होती. मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. आमच्यात भावजय जेठापुढे पदर ओढून असते, बोलत नाही. कागद मायने आत नेला आणि सही घेऊन आणला. काय लिहिलंय ते मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

परवा अर्ज दाखल करून घेतल्याचं पत्र आलं. निकालाला आणखी पाच-सहा वर्षंही लागतील म्हणे. मला मात्र जिंकल्यासारखंच वाटलं. ओट्यावर बसून मी मायला सगळं मोठ्याने समजावून सांगितलं, बेपत्ता का लिहिलं तेही.

तेवढ्यात दाराआडून भावजय बोलली. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"दादा, ते सांगतीन तवलोंग मी कुंकू लावू का पुसू, हाई बी त्यासले इचारी ल्या."

माय रडायला लागली. अर्ज लिहिताना भावजयीच्या कपाळाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.